रेलती सायकल आणि ताठ मतें

आमच्या सुशिक्षित समाजांत कांहीं मतें अशीं आहेत कीं, त्यांचा उगम कोणी विचारीत नाहीं आणि त्यांना पुरावाही कोणी मागत नाहीं. दिवाणखान्यांतून तीं पुरेशा वेळां उच्चारलीं गेलीं म्हणजे आपोआप सिद्धान्ताच्या पदवीला चढतात. अशांपैकीं एका मताचा समाचार आम्ही येथें घेणार आहों. तें मत असें: सायकलीचा जो आकार आपण रस्त्यावर पाहतों तोच तिचा अंतिम आकार होय, शंभरांहून अधिक वर्षांच्या अनुभवाच्या चाळणींतून तो खालीं उतरलेला आहे, याहून चांगला आकार असता तर कारखानदारांनीं तो केव्हांच बाजारांत आणला असता, तेव्हां जो कोणी घरीं बसून निराळ्या घडणीची सायकल करूं पाहतो तो एक तर अडाणी असला पाहिजे, नाहीं तर रिकामटेकडा. हें मत आम्हीं गेल्या पावसाळ्यांत एका निवृत्त अभियंत्यांच्या, एका डॉक्टरांच्या आणि आमच्याच एका सहाध्यापकांच्या मुखांतून ऐकलें. या तिघांपैकीं एकानेंही आयुष्यांत सायकलीचें पंक्चर स्वतःच्या हातानें काढलेलें नाहीं, हें आम्हांस खात्रीनें ठाऊक आहे.

या उद्गारांना निमित्त झाली ती एका विद्यार्थ्यानें आपल्या इमारतीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यांत सात महिने खपून तयार केलेली सायकल. इंग्रजींत या जातीला 'रिकंबंट' म्हणतात. आम्ही तिला रेलती सायकल म्हणूं. हिच्यावरचा स्वार उंच खोगिरावर चढून पुढें ओणवा होत नाहीं. खुर्चींत पाठ टेकून बसावें तसा तो रेलून बसतो, त्याचे पाय समोर पसरलेले असतात, आणि पायडलें बुडाखालीं नसून पुढें, कधीं कधीं पुढच्या चाकाच्याही पलीकडे असतात. देह जमिनीच्या जवळ आलेला, मान सरळ, मनगटांवर भार नाहीं. प्रथम पाहणाऱ्याला हें दृश्य विनोदी वाटतें हें आम्ही नाकारीत नाहीं. एखादे गृहस्थ आरामखुर्चीसकट घरांतून निसटले आहेत असा भास होतो. पण विनोदी दिसणें हा यंत्रशास्त्रांतला दोष नव्हे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक आहों. यंत्रविद्येंतला अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु 'अनुभवाच्या चाळणी'ची भाषा निघाली म्हणजे ती केवळ यंत्राची गोष्ट राहत नाहीं, इतिहासाची होते. आणि इतिहासाच्या प्रांतांत कोणी बेलाशक शिरूं लागला तर त्याला हटकणें हें आमचें कामच आहे.

तत्पूर्वीं शास्त्राचा मुद्दा थोडक्यांत सांगून टाकूं. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा वैरी हवा हा होय. सावकाश जाणाराला तो जाणवत नाहीं. पण वेग ताशीं २५-३० किलोमीटरवर गेला कीं स्वाराच्या श्रमाचा मोठा हिस्सा हवा बाजूला सारण्यांतच खर्च होऊं लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर हवेपुरती आठपट शक्ति पाहिजे. आठपट शक्ति कोणत्याही तालमींत मिळत नाहीं. तेव्हां शहाण्यानें करावयाचें तें एवढेंच कीं, हवेला आपलें अंग कमी दाखवावयाचें. शर्यतींतला स्वार त्यासाठीं कमरेंत वांकून नाक हँडलला टेकवितो, आणि मान, पाठ व मनगटें यांच्या दुखण्याच्या रूपानें त्याची किंमत मोजतो. रेलत्या सायकलीचा स्वार तेंच काम पाठीवर रेलून करतो. उभ्या मनुष्यापेक्षां पाय पुढें करून पहुडलेला मनुष्य वाऱ्याला कमी अडतो, हें कळावयास पदवी लागत नाहीं.

आतां चाळणीकडे वळूं. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसजवळ पुतो या गांवीं शार्ल मोशे नांवाचा एक कारागीर लहान मोटारी बनवीत असे. त्याच्या मुलाला सायकल हवी होती. आईला ती धोक्याची वाटली. तेव्हां बापानें मुलाला पायडलांवर चालणारी एक चारचाकी गाडी करून दिली. गंमत अशी झाली कीं, ही गाडी बरोबरच्या मुलांच्या सायकलींना मागें टाकूं लागली! बाप विचारांत पडला. त्यानें मोठ्या माणसांसाठीं तशीच दोन जणांची गाडी बनविली व तिला 'वेलोकार' हें नांव दिलें. वळणावर वेगानें जातांना ही चारचाकी धोक्याची होते असें दिसल्यावर त्यानें ती जणूं मधोमध उभी चिरली, आणि त्यांतून रेलून चालवावयाची दुचाकी निघाली. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, हा सारा व्यवहार घरच्या लेकराच्या हट्टापासून सुरू झाला होता, आणि तो कोणत्याही मोठ्या सायकल-कारखान्याच्या दारांतून आंत गेला नव्हता.

आपल्या सायकलीची परीक्षा धांवपट्टीवर व्हावी अशी मोशेची इच्छा होती. आधीं त्यानें आंरी लेम्वान या नांवाजलेल्या स्वाराला ती दाखविली. त्याला ती आवडली, पण इतरांच्या थट्टेपुढें तिच्यावर बसून शर्यतींत उतरण्यास तो धजला नाहीं. मग फ्रांसिस फोर नांवाचा दुसऱ्या श्रेणींतला एक स्वार तयार झाला. ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिसच्या धांवपट्टीवर त्यानें या सायकलीवरून एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें. तोंपर्यंतचा एका तासाचा उच्चांक स्वित्झर्लंडच्या ओस्कार एगचा होता: ४४.२४७ किलोमीटर, आणि तोही १९१४ सालचा. जो उच्चांक पहिल्या श्रेणीच्या वीरांना एकोणीस वर्षें हलला नव्हता तो दुसऱ्या श्रेणीच्या एका स्वारानें मोडला. हवा कापण्यासाठीं सायकलीला वेगळें आवरण जोडण्यास त्या वेळच्या नियमांत बंदी होती. मोशेच्या सायकलीला तसलें कांहींही जोडलेलें नव्हतें. दोन चाकें, एक साखळी, एक मनुष्य. फक्त बैठक निराळी.

त्याच वर्षीं ऑगस्टांत मोरीस रिशार या फ्रेंच स्वारानें नेहमींच्या सायकलीवर ४४.७७७ किलोमीटर अंतर तोडलें. आतां आंतरराष्ट्रीय सायकल-संघापुढें प्रश्न आला कीं उच्चांक कोणाचा लिहावा? साध्या बेरीज-वजाबाकीनें पाहतां फोर २७८ मीटर पुढें होता. पण १९३४ च्या आरंभीं संघाच्या परिषदेंत वाद माजला, आणि सभासदांनीं मोजपट्टी हातीं घेतली ती अंतर मोजण्यासाठीं नव्हे, सायकल मोजण्यासाठीं. त्या वर्षीं शर्यतीच्या सायकलीची नवी व्याख्या जाहीर झाली: पायडलांचा आंस जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटर उंच असावा, खोगिराचें टोंक त्या आंसाच्या मागें १२ सेंटिमीटरांहून अधिक नसावें, त्या आंसापासून पुढच्या चाकाच्या आंसापर्यंतचें अंतर ५८ ते ७५ सेंटिमीटर असावें. हे आंकडे ज्यानें एकदां नीट वाचले त्याला सांगावें लागत नाहीं कीं, ते कोणत्या एका सायकलीला बाहेर ठेवण्यासाठीं शिवलेले आहेत. रेलत्या बैठकींत खोगीर पायडलांच्या पुष्कळच मागें असतें. बारा सेंटिमीटरांत तें बसणें शक्य नाहीं. रिशारचें नांव पुस्तकांत राहिलें आणि फोरचें एका वेगळ्या वहींत गेलें. मोशे त्याच वर्षीं मरण पावला.

तर अशी ही अनुभवाची चाळणी! हिच्यांतून उभी सायकल खालीं उतरली आणि रेलती वर राहिली हें खरें. परंतु चाळणीचीं भोकें केवढीं ठेवावयाचीं हें धान्य पाहून मागाहून ठरविलें गेलें होतें. जो निकाल धांवपट्टीवर एका बाजूनें लागला होता तो सभागृहांत दुसऱ्या बाजूनें फिरविला गेला, आणि आज आमचे निवृत्त अभियंते त्या ठरावाला निसर्गनियमाचा मान देतात.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही दडवून ठेवणार नाहीं. ते म्हणतील कीं, शर्यत ही माणसामाणसांची असावी, यंत्रायंत्रांची नव्हे. म्हणून यंत्राला मर्यादा घालणें योग्यच. तत्त्व म्हणून हें आम्हांस मान्य आहे. पण मग तें तत्त्व सर्वत्र पाळलें जावें. ८ ऑक्टोबर १९२२ नव्हे, २०२२ रोजीं इटलीच्या फिलिप्पो गान्नानें एका तासाचा उच्चांक ५६.७९२ किलोमीटरवर नेला, तो धातूची भुकटी थराथरानें वितळवून, यंत्रावर जणूं छापून काढलेल्या सांगाड्याच्या सायकलीवर. हें चालतें, खुर्ची मात्र चालत नाहीं. लक्षावधि रुपयांचा सांगाडा म्हणजे मनुष्याचें कर्तृत्व आणि पाठ टेकणें म्हणजे यंत्राची लबाडी, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

दुसरें ते असें म्हणतील कीं, संघाचा नियम शर्यतीपुरता होता. बाजारांत रेलती सायकल विकण्यास कोणी बंदी केली होती? शब्दशः हेंही खरें. पण बाजार म्हणजे काय हें ज्याला माहीत आहे तो असें विचारणार नाहीं. सायकलीच्या धंद्यांत शर्यत ही दुकानाची दर्शनी कांच असते. जी सायकल त्या कांचेंत कधींच ठेवतां येणार नाहीं तिच्यासाठीं कोणता कारखानदार नवे सांचे ओतील? आणि आमच्या देशापुरतें पाहिलें तर चाळणीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. आम्हांला परक्यानें दळलेलें पीठच मिळालें. काळी, दांडीची, २८ इंची चाकांची जी सायकल आमच्या वडिलांनीं कचेरींत नेली ती इंग्लंडांतल्या रस्त्यांसाठीं व इंग्रजी सवयींसाठीं घडलेली होती. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला, सोनेपतला, १९५६ सालीं लुधियान्याला कारखाने निघाले. त्यांनीं तोच नमुना इमानानें व कोट्यवधि संख्येनें काढला. स्वस्त व टिकाऊ वाहन दिलें याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण दोन बैठकी समोरासमोर ठेवून कोणती बरी याचा विचार येथें कधीं झाला होता असें म्हणणें म्हणजे न झालेल्या परीक्षेचा निकाल वाचून दाखविणें होय.

मग जगांत हा विचार जिवंत ठेवला कोणी? त्याचें उत्तर प्रतिपक्षाला रुचणार नाहीं: घरीं, गॅरेजांत, स्वयंपाकघरांत खटपट करणाऱ्या लोकांनीं. फोरनेंच १९३९ सालीं आवरण घातलेल्या रेलत्या सायकलीवर एका तासांत ५०.५३७ किलोमीटर तोडले. नेहमींच्या सायकलीवर पन्नासाची मर्यादा ओलांडली जाण्यास १९८४ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत कारखानदार स्वस्थ होते. १९७५ च्या एप्रिलांत कॅलिफोर्नियांत अर्विंडेल येथें चेस्टर काइल या प्राध्यापकांच्या पुढाकारानें मनुष्यबळावर चालणाऱ्या वाहनांची एक शर्यत भरली. नियम जवळजवळ कोणताच नव्हता: मनुष्याच्या अंगच्या शक्तीखेरीज दुसरी शक्ति वापरावयाची नाहीं, बस्स. घरोघरीं ठोकून, जोडून, चिकटवून केलेलीं वाहनें तेथें उतरलीं आणि त्यांतून एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. मॅसेच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांतले डेव्हिड गॉर्डन विल्सन यांच्यासारखे विद्वान् याच सुमारास रेलत्या सायकलीच्या रचनेंत गढले होते. या परंपरेचें आजचें फळ असें कीं, टोरांटोच्या एका मंडळीनें बनविलेल्या आवरणयुक्त रेलत्या सायकलीवरून टॉड रायकर्टनें २०१६ सालीं नेव्हाडांतल्या सपाट रस्त्यावर ताशीं १४४.१७ किलोमीटरचा वेग गांठला. इंजिन नाहीं, उतार म्हणण्यासारखा नाहीं, केवळ दोन पाय!

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीची हकीकत तर आमच्या घरोघरच्या पालकांनीं अवश्य ऐकावी. त्यानें स्वतः जोडलेल्या सायकलींत कपडे धुण्याच्या यंत्रांतलें बेअरिंग वापरलें होतें. तिच्यावरून त्यानें १७ जुलै १९९३ रोजीं नॉर्वेंत एका तासाचा जागतिक उच्चांक ५१.५९६ किलोमीटरवर नेला. ती सायकल उभ्या जातीचीच होती, पण हात छातीखालीं दुमडून बसण्याची त्याची रीत त्याची स्वतःची होती. संघानें दुसऱ्याच वर्षीं ती रीत निषिद्ध ठरविली. त्यानें दुसरी काढली. तीही निषिद्ध झाली. नियम करणारांचा हा उत्साह पाहिला म्हणजे मोशेच्या वेळचीच मंडळी चिरंजीव झाली कीं काय असें वाटूं लागतें. पुढें २०१३ सालीं, पन्नाशीला टेकतांना, ओब्रीनें आपल्या स्वयंपाकघरांत एक पालथें निजून, डोकें पुढें करून चालवावयाची सायकल बनविली व तिच्यावरून ताशीं ९१ किलोमीटरच्या वर वेग काढला. तिच्यांत एका जुन्या पातेल्याचाही तुकडा होता. आमच्या घरांत कोणी पातेल्याला करवत लावली तर काय होईल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या कृतीकडे येतों, कारण टीकाकारांनीं ती सायकल पाहिली, तिच्या मागची कृति पाहिली नाहीं. त्यानें आरंभ लोखंडापासून केला नाहीं, स्वतःच्या देहापासून केला. एक फळी भिंतीशीं कलती लावून तो तिच्यावर रेलला, पाय खोक्याला टेकविले, आणि पाठीपासून टांचेपर्यंतचें अंतर धाकट्या बहिणीकडून खडूनें फरशीवर मांडून घेतलें. त्या खुणेभोंवतीं साऱ्या सायकलीचें पूर्णाकृति चित्र वाहनतळाच्या जमिनीवर काढलें गेलें. शेजाऱ्यांच्या मोटारींनीं तें तीनदां पुसलें व त्यानें चारदां काढलें. पुण्याच्या जुन्या बाजारांतून दोन मोडक्या सायकली आणल्या. एकीचा मागचा भाग शाबूत ठेवला, दुसरीचें हँडल व पुढची नळी कापून घेतली. पुढचें वीस इंची चाक लहान मुलाच्या सायकलीचें. मधली तुळई म्हणून चौकोनी पोलादी नळी.

येथें एका शास्त्रज्ञाचा प्रवेश होतो, तो म्हणजे खिडक्यांच्या जाळ्या व फाटकें जोडणारा वस्तींतला वेल्डर. विद्यार्थ्यानें आणलेली नळी त्यानें बोटांनीं चिमटून पाहिली आणि ही पातळ आहे, ज्योतीखालीं भोंक पडेल, म्हणून परत पाठविली. गोल नळी नळीला जोडावयाची तर तिचें तोंड माशाच्या जबड्यासारखें कोरावें लागतें. एका बाजूनें सलग जोड घातला तर निवतांना सांगाडा त्या बाजूस ओढला जाऊन वांकडा होतो, म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून टांके मारावे लागतात: हें ज्ञान आमच्या विद्यार्थ्याला ज्या पुस्तकांत मिळालें नव्हतें तें त्यानें या गुरूच्या पायांशीं उकिडवें बसून मिळविलें. पायडलें पुढें गेल्यामुळें साखळी लांबली. तीन साध्या सायकलींच्या साखळ्या जोडून ती झाली, आणि बैठकीखालून नेण्यासाठीं एक कप्पी बसवावी लागली. ओढाच्या बाजूच्या साखळीला ही कप्पी जितकी कमी वांकवील तितकी शक्ति वाचते. पहिली कप्पी दळणाच्या जात्यासारखी घरघरत होती. बैठकीसाठीं त्यानें खाटेची नवार वापरली, नळीच्या चौकटीवर ताणून. आमच्या उन्हाळ्यांत पाठीला वारा लागेल अशी याहून चांगली बैठक पॅरिसलाही सुचली नसती, असें आमचें प्रामाणिक मत आहे.

पहिल्या फेरींत सायकल सापासारखी वळवळली. हँडलच्या नळीची रेषा जमिनीला जेथें मिळते त्याच्या किंचित् मागें चाक जमिनीला टेकलें पाहिजे. या अंतरामुळें चाक आपोआप सरळ होऊं पाहतें. तें अंतर येथें फार कमी राहिलें होतें. नळी कापून, कोन बदलून, पुन्हां जोडावी लागली. शिवाय वीस वर्षांच्या सवयीचा स्वारही हिच्यावर बालकासारखा पडतो, कारण अंग डोलावून तोल सांवरण्याची सोय येथें नसते. तोल हँडलनेंच राखावा लागतो. दहा-बारा दिवसांत तें साधलें.

या मुलानें प्रथम एका शिक्षणसंस्थेच्या कार्यशाळेंत काम करूं देण्याची विनंती केली होती. तेथें लेथ होतें, जोडकामाचीं यंत्रें होतीं, व तीं बहुतेक दिवस कापडाखालीं झांकलेलीं होतीं. उत्तर आलें कीं, हें काम अभ्यासक्रमांत नाहीं. त्याच संस्थेच्या प्रवेशद्वारावर 'नवनिर्मिती'चा गौरव करणारा फलक आम्हीं स्वतः वाचलेला आहे.

आक्षेपांपैकीं एक आम्ही गंभीरपणें घेतों: धोक्याचा. घरीं केलेला जोड भर रस्त्यांत तुटला तर? आणि इतक्या खालीं बसलेला स्वार ट्रकवाल्याला दिसला नाहीं तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचें उत्तर हें कीं, जोड तपासतां येतो. तुळईवर दुप्पट वजन ठेवून, खडबडीत मैदानांत आठवडेच्या आठवडे चालवून, दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक लावून मगच रस्त्यावर जावें, आणि या मुलानें तसेंच केलें. दुसऱ्याचें उत्तर इतकें सोपें नाहीं. मागें उंच काठीवर झेंडी लावतात, दिवे लावतात. पण पुण्याच्या गर्दीच्या चौकांत बसच्या दोन चाकांमधून जगाकडे पाहणें सुखावह नाहीं हें कबूल केलें पाहिजे. पडण्याची उंची मात्र थोडी, आणि पडतांना डोकें पुढें नसून पाय पुढें असतात, हेंही त्याच वहींत लिहिलें पाहिजे. कायद्याची भीति घालणारांस एवढेंच सांगतों कीं, मोटारवाहनांचा १९८८ चा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनांसाठीं आहे. पायांनीं चालणाऱ्या सायकलीला तो नोंदणी मागत नाहीं.

आणि रेलत्या सायकलीचे जे भक्त आहेत त्यांच्याही हातीं आम्ही कोरा चेक देत नाहीं. परदेशांत यांचा एक पंथच झाला आहे. पाठदुखीपासून पेट्रोलच्या भावापर्यंत सर्वांवर हाच उतारा, असें ते सांगतात. तें खरें नव्हे. कात्रजचा घाट चढतांना उभ्या सायकलीचा स्वार पायडलांवर उभा राहून अंगाचा भार घालतो. रेलणाराला तें करतां येत नाहीं, त्याला हलका गिअर लावून मुंगीच्या पावलांनीं चढावें लागतें. शहरांत ताशीं पंधरा किलोमीटरांच्या वर वेगच मिळत नाहीं. तेथें हवेशीं केलेली काटकसर व्यर्थ जाते. ती जिन्यांतून वर नेतां येत नाहीं, अरुंद बोळांत वळत नाहीं. सपाट, मोकळ्या, लांबच्या रस्त्यावर मात्र, आणि ज्याची मान वा मनगट दुखावलेलें आहे त्याच्यासाठीं, ती उभ्या सायकलीहून निश्चित सरस आहे. आमचें भांडण उभ्या सायकलीशीं नाहीं. ज्यानें कधीं तुलना केली नाहीं त्याच्या निकालाशीं आहे.

हें भांडण आम्ही एवढ्या तपशिलानें मांडलें, कारण तें सायकलीपाशीं थांबत नाहीं. आमचा मध्यमवर्ग मुलांना यंत्रविद्येच्या पदव्या मिळवून देण्यासाठीं घर गहाण टाकतो, पण त्यांच्या हातांना वंगण लागलेलें त्याला खपत नाहीं. तयार तुकड्यांच्या पेटींतून, छापील सूचना वाचून जोडलेलें खेळण्यांतलें यंत्र दाखवावयास तो पाहुण्यांना बोलावतो. भंगारांतून, स्वतःच्या मापानें केलेली सायकल मात्र वाहनतळांत लपवून ठेवावयास सांगतो. या मुलाच्या वडिलांनीं त्याला विचारलेला पहिला प्रश्न 'चालते का?' हा नव्हता. 'याचे गुण किती मिळणार?' हा होता. हाताचें काम तें वेल्डराचें व डोक्याचें तें आपलें, ही जुनी वांटणी पदव्यांची संख्या वाढल्यानें कमी झाली नाहीं, उलट तिला प्रमाणपत्र मिळालें.

आमच्या या प्रांताला तर असें वागण्याचें मुळींच कारण नाहीं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत चित्रकला शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत भावाबरोबर सायकलींचें दुकान मांडलें. विकावयाच्या, दुरुस्त करावयाच्या, चालवावयास शिकवावयाच्या. मास्तरकी सोडून सायकली खोलीत बसलेल्या या गृहस्थांविषयीं त्या वेळच्या दिवाणखान्यांत काय बोललें गेलें असेल याची कल्पना आम्हांस चांगली करतां येते. त्याच हातांनीं पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर केले. नांगर आला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल असा आक्षेप निघाला, आणि पहिले नांगर बरेच दिवस गिऱ्हाइकावांचून पडून होते. लाकडी नांगराचा आकारही शतकांच्या अनुभवाच्या चाळणींतून उतरलेलाच होता कीं! १९१० सालीं ज्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली तेथपर्यंतची वाट एका सायकलच्या दुकानांतून निघालेली आहे, आणि तीं नांवें आम्ही सभेंत मोठ्या अभिमानानें घेतों. सभा संपल्यावर घरीं जाऊन मुलाच्या हातांतला पाना काढून घेतों.

आमचें मागणें मोठें नाहीं. महाविद्यालयांच्या व शाळांच्या ज्या कार्यशाळा संध्याकाळीं पांच वाजतां कुलुपांत जातात त्या आठवड्यांतून दोन संध्याकाळ आठपर्यंत उघड्या राहाव्यात. तेथें परीक्षा नको, गुण नकोत, अभ्यासक्रम तर नकोच. वस्तींतल्या एखाद्या चांगल्या वेल्डराला रीतसर मानधन देऊन बसवावें. मदतनीस म्हणून नव्हे, अध्यापक म्हणून, आणि त्याच्यासाठीं खुर्ची ठेवावी. सामानासाठीं देणग्या गोळा करण्याची गरज नाहीं. प्रत्येक महाविद्यालयाच्या सायकलतळांत विद्यार्थ्यांनीं जातांना टाकून दिलेल्या, टायर झडलेल्या, साखळी गंजलेल्या सायकली वर्षानुवर्षें उभ्या असतात. आमच्या येथच्या आम्हीं गेल्या शनिवारीं मोजल्या, १९ भरल्या. त्यांपैकीं चार कापावयास मिळाव्यात असा अर्ज आम्हीं प्राचार्यांकडे दिला आहे.